तुम्ही विचारलंत म्हणून: बरकतीचा दिवस आधी कळतो का?

गोरेगाव पूर्वेला द्रुतगती महामार्गाजवळ मी गेली तीस वर्षे वडापावची गाडी लावतो. जोराचा धंदा होणार हे सकाळी भवानीच्या वेळीच कळते का, असे मला गिऱ्हाइके विचारतात, आणि नव्याने गाडी लावू पाहणारी मुले तर हमखास विचारतात.

भवानी मी मनापासून मानतो. पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे कपाळाला लावल्याशिवाय गल्ल्यात टाकत नाही आणि पहिला वडा उधारीवर देत नाही. मात्र तिच्यावरून दिवसाचा अंदाज बांधता आला, असे एकदाही घडलेले नाही. दहीहंडीला किंवा गणपती विसर्जनाला गर्दी होणार हे सर्वांनाच ठाऊक असते, त्यामुळे त्या दिवशी गाड्याही दुपटीने लागतात; असे दिवस मी नशिबात धरत नाही.

माझी सर्वांत मोठी विक्री २६ जुलै २००५ ला झाली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते आणि उकडलेला बटाटा दमट हवेत आंबणार म्हणून मी हळहळत होतो. लोकल बंद पडल्या, वीज गेली, आणि संध्याकाळपासून वांद्रे-अंधेरीकडून माणसे चालत येऊ लागली: चपला हातात घेतलेल्या बायका, दप्तरे डोक्यावर धरलेली मुले, दुपारपासून पोटात काही नसलेले कारकून. तासाभरात पाव संपले, पाठोपाठ बटाट्याची भाजीही संपली. आदल्याच दिवशी महिन्याचे बेसन भरून ठेवले होते आणि खोलीवर कांद्याची गोणी होती, म्हणून रात्रभर कांदाभजी तळता आली. माझ्या मते त्या दिवशीचे खरे नशीब ते बेसन होते. शेजारच्या एकाने भाव दुप्पट करायला सुचवले, पण भिजलेल्या, थरथरणाऱ्या माणसाकडून चार रुपयांच्या जागी आठ मागायला माझी जीभ रेटली नाही. ज्यांच्या नोटांचा लगदा झाला होता त्यांना तसेच खायला दिले. त्या पाण्यात शेकडो माणसे गेली, त्यामुळे गल्ला भरला तरी त्या दिवसाला मी बरकतीचा म्हणत नाही.

रोज जास्त बटाटा उकडून अचानक येणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहणारा गाडीवाला महिनाभरात कर्जात जातो, कारण उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी चालत नाही. बेसन, कांदा आणि तेल मात्र टिकते. तेव्हापासून गाडीखालच्या पत्र्याच्या डब्यात रोजच्या लागणीपेक्षा पाच किलो बेसन मी नेहमी जास्तीचे ठेवतो.

त्याचा उपयोग २ एप्रिल २०११ च्या रात्री झाला. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि सारी वस्ती टीव्हीसमोर बसल्याने रस्ता ओस पडला होता. दहा वाजता मी स्टोव्ह विझवून कढई उतरवली. अकराच्या सुमारास भारत जिंकला आणि माणसे ढोल घेऊन रस्त्यावर आली. कोणाच्याही घरी जेवणाकडे धड लक्ष गेले नव्हते. मी पुन्हा स्टोव्ह पेटवला. उरलेले वडे पहिल्या पंधरा मिनिटांत गेले आणि पुढे पहाटे दोनपर्यंत, डब्याच्या तळाचे बेसन खरवडून काढेपर्यंत, मी भजी तळत होतो.