आमची मशीद

जुलैतला शुक्रवार होता आणि फाइल दुपारी अडीचच्या आत जायला हवी होती. अडीचच का, तर तेव्हा तिकडे तेल अवीवला बारा वाजतात आणि शुक्रवारी बारानंतर तिथली एडिटर मशीन बंद करून घरी जाते. मग शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून. शनिवारी कुणी फोन उचलत नाही आणि रविवारी सकाळी फिल्म एका महोत्सवाच्या निवड समितीकडे जायची होती.

मी सबटायटलं लिहिते. मराठीतून इंग्रजीत, कधी उलट. बरंचसं काम मालिकांचं असतं आणि तिथे सासूच्या तोंडचं वाक्य थोडं इकडे-तिकडे झालं तरी कुणाचं काही जात नाही. ही मात्र सत्तर मिनिटांची डॉक्युमेंटरी होती. कोकणातून मुंबईत आणि मुंबईतून इस्रायलला गेलेलं एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, कुटुंब. आजी इस्रायलमधल्या लोदला राहते, ऐंशीच्या पुढची. फिल्म केली होती तिच्या नातीने. आजी बोलते मराठी, मध्येच हिब्रू. नातीला हिब्रू येतं, मराठीतलं 'जेवलीस का' एवढंच कळतं. म्हणजे आपल्याच आजीवर फिल्म करताना आजी काय बोलली हे तिला माझ्याकडून कळणार होतं. पैसे ठरवताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

नातीचा एक आग्रह होता: फाइल पाठवण्याआधी समाजातल्या एखाद्या जाणत्या माणसाने फिल्म माझ्यासोबत बसून बघावी. ओळखीतून ठाण्याचे एक काका मिळाले. बँकेतून निवृत्त, टेंभी नाक्याच्या सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, नेमाने जाणारे. दहाला माझ्या मुलुंडच्या घरी आले, छत्री बाहेर उभी केली, चहा बिनसाखरेचा मागितला आणि सांगितलं, "चारला मला निघायला हवं. सूर्य मावळायच्या आत घरी."

सुरुवात नवगावची आहे. अलिबागजवळचा तो किनारा, गलबत फुटलं त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या ती परंपरेने चालत आलेली गोष्ट, आणि तिथलं स्मारक. मग तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पडलेलं 'शनवार तेली' हे नाव. हे सगळं काका पाय हलवत बघत होते. माहितीतलं होतं. आजी पडद्यावर आली तसे पाय थांबले.

आजी सणांबद्दल बोलते. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, ज्यूंचं नवं वर्ष. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, त्या दिवशी दारं लावून सगळे दिवसभर आत. "ही नावं माझ्या आजीनंतर आत्ता ऐकतोय," काका म्हणाले. "आम्ही आता योम किप्पूरच म्हणतो." मग आला बिरड्याचा रोजा. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याचा उपास. हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याची नववी तिथी, जुलै-ऑगस्टात कधीतरी येते. उपास सोडताना वालाचं बिरडं. मी लिहिलं होतं 'बीन्सचा उपास'.

"बीन्स?" काकांनी मला पॉज करायला लावलं. "बीन्स म्हणजे डब्यातले लाल. हे वाल. भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. माझी आई सकाळी सोलायला बसायची ती दुपारपर्यंत."

मी सांगितलं की ओळीला बेचाळीस अक्षरं, फार तर दोन ओळी, आणि आजी हे वाक्य दोन सेकंदांत संपवते. तेवढ्यात वाल भिजतही नाहीत. काका हसले. मी पिवळी खूण केली आणि आम्ही पुढे गेलो.

इथे थोडं विषयांतर, कारण चहाच्या दुसऱ्या फेरीला काका सिनेमावर घसरले. डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे आपल्या हिंदी पडद्यावरचा डेव्हिड, बेने इस्रायल. 'बूट पॉलिश'मध्ये त्याला केलं जॉन चाचा, ख्रिस्ती. नादिरा, मूळची फ्लॉरेन्स इझिकेल, बगदादी ज्यू. 'ज्युली'मध्ये तिला केलं अँग्लो-इंडियन आई. आणि १९५८ साली बिमल रॉयनी 'यहुदी' काढला तेव्हा यहुदी म्हातारा कोण, तर सोहराब मोदी! पारशी! "आम्ही सगळे झालो," काका म्हणाले, "फक्त आम्ही झालो नाही." मी त्यांना २००४ सालच्या एका इस्रायली सिनेमाबद्दल सांगितलं, 'टर्न लेफ्ट ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड'. नेगेव्हच्या वाळवंटातल्या एका गावात मोरोक्कोचे ज्यू आणि नवे आलेले भारतीय ज्यू समोरासमोर राहतात. भारतीय बाप आपला परमीत सेठी, क्रिकेटवेडा, आडनाव तळकर. काकांना आडनाव आवडलं. घरात इंग्रजी बोलतात हे ऐकल्यावर म्हणाले, "तळकर आणि इंग्रजी? असेल बाबा."

साडेअकराच्या सुमारास आम्ही एक्केचाळिसाव्या मिनिटाला पोचलो.

आजी तिच्या लग्नाबद्दल बोलते. १९६३ साल. त्या काळात इस्रायलच्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आदेश काढला होता की बेने इस्रायल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायचं तर त्याची वंशावळ तपासायची, मागे जितकं जाता येईल तितकी. पुढच्या वर्षी, १९६४च्या उन्हाळ्यात, जेरुसलेममध्ये बेने इस्रायल लोकांनी ठिय्या दिला. सरकारने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं म्हटलं आणि त्या आदेशातून समाजाचं नाव गेलं. आजीचं लग्न मात्र आधीचं. ती सांगते (रब्बानूत म्हणजे रब्बींचं कार्यालय): "रब्बानूतवाला विचारतो, आई कोण? सांगितलं. आईची आई कोण? सांगितलं. तिची आई? मी म्हटलं, जा, मुंबईला जा, आमच्या मशिदीच्या वहीत बघ. माझ्या बापाचं नाव आहे, आज्याचं आहे. सगळ्यांची लग्नं तिथं लागली."

खाली माझी अक्षरं उमटली. आमच्या मॉस्कची वही.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि म्हणाले, "मागे घे."

मी मागे घेतलं. पुन्हा तेच.

"अगं, मशीद म्हणजे सिनॅगॉग. आमची जुनी माणसं मशीदच म्हणायची. मांडवीची जुनी मशीद, १७९६ची, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेली. मग नवी मशीद झाली. मस्जिद बंदर हे नाव आमच्या मशिदीवरून पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. आणि तू हे काय लिहिलंस?"

खरं सांगायचं तर मला तेव्हाच खटकलं होतं. आजी आधी एका ठिकाणी 'आमच्या मशिदीसमोर बापाचं दुकान' असं म्हणते. मला वाटलं, 'आमचं स्टेशन' म्हणतो तसं, वस्तीतली मशीद. पुढे ही वही आली तेव्हा मी तिथेही पिवळी खूण करून 'नंतर बघू' लिहिलं होतं. नंतर बघितलं नाही. महिन्याचं बिल पाठवायचं होतं.

लान्झमनच्या 'शोआ'त दुभाषी पडद्यावर दिसते. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरची, १९८५ची ती साडेनऊ तासांच्या आसपासची फिल्म. दिग्दर्शकाला पोलिश येत नाही. गावकरी ज्यूंना हिणवणारं लघुरूप वापरतात, दुभाषी नुसतं 'ज्यू' म्हणते आणि पुढे जाते. ती दोघं शेजारी उभी असलेली दिसतात, म्हणून निदान कुणाला शंका तरी येऊ शकते. सबटायटलवाली कुठेच दिसत नाही. तिने लिहिलं ते त्या माणसानेच म्हटलं, असं सगळे धरून चालतात.

मी लगेच शब्द बदलून सिनॅगॉग केला. काकांना तेही पटेना.

"ती सिनॅगॉग म्हणाली का?"

"नाही."

"मग?"

"पण काका, बाहेरच्या माणसाला मशीद ऐकून काय कळणार?"

"तेच तर. कळायला हवं ना की आम्ही मशीद म्हणायचो."

पावणेबारा. नातीला फोन लावला. इंग्रजीत सांगितलं की एक्केचाळिसाव्या मिनिटाला माझ्याकडून चूक झाली आहे, तो शब्द मॉस्क नाही, तुमचं प्रार्थनास्थळच आहे. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली.

मग ती म्हणाली, "म्हणजे माझे पणजोबा मुसलमान नव्हते?"

त्या वाक्यानंतर फिल्ममध्ये नऊ सेकंद काही घडत नाही. फक्त आजीचे हात. मला ती दिग्दर्शकाची शैली वाटली होती. नातीने माझं भाषांतर वाचून ते नऊ सेकंद ठेवले होते. हिब्रूत मशिदीला मिस्गाद म्हणतात, त्यामुळे आजीच्या बोलण्यातही तिला तोच शब्द ऐकू आला होता. तीन महिने ती ते मनात घेऊन फिरत होती. आईला विचारलं नाही, आजीला तर नाहीच. कारण आजीला त्या रब्बानूतवाल्याने जे विचारलं, तेच पुन्हा नातीने कसं विचारायचं?

आणि तो प्रश्न तिच्या मनात घातला होता मी. मुलुंडमध्ये, रात्री एकच्या सुमारास, एका शब्दाने.

मी रशेस, म्हणजे न कापलेलं सगळं चित्रीकरण, उघडले. आजीची एकूण अकरा तासांची मुलाखत होती, त्यातला जो भाग पुन्हापुन्हा तेच वाटला तिथे मी 'पुनरुक्ती' लिहून भाषांतर टाळलं होतं. एका तासाचं काम वाचलं होतं. आता तेच तुकडे मी दुप्पट वेगाने ऐकू लागले, काका शेजारी कान पुढे करून. एक वाजला. काकांनी डबा उघडला, पोळी-भाजी खाल्ली, मला अर्धी पोळी दिली. सव्वाला सातव्या तासातला तुकडा सापडला. कॅमेऱ्यामागून कुणीतरी हिब्रूत काहीतरी विचारतं आणि आजी हसत सुटते. "मशीद म्हंजे काय, काय विचारतेस? आमची मशीद गं! जिथं शेमा म्हणायचा ती!"

काकांनी मांडीवर थाप मारली. "मिळाली!"

शेमा म्हणजे 'ऐक, इस्राएला'. कोकणात शतकानुशतकं हिब्रू पुस्तकं नसताना जी एक प्रार्थना या लोकांच्या तोंडी टिकली ती ही, असं काकांनी मला सांगितलं. त्यांनी ती हळू आवाजात म्हणूनही दाखवली. मग संकोचले आणि डबा धुवायला उठले.

तो तुकडा टाइमकोडसकट तिकडे पाठवला. पिक्चर लॉक झालेली, म्हणजे कापाकापी संपलेली, फिल्म उघडायची म्हणजे एडिटरच्या शिव्या, त्या मिळाल्याच, पण हिब्रूत, त्यामुळे मला लागल्या नाहीत. नऊ सेकंदांचे तीन झाले आणि उरलेल्या सहात आजीचं हसणं बसलं. सबटायटल आम्ही असं केलं: पहिल्यांदा शब्द येतो तिथे, दुकानाच्या वाक्यात, 'आमची मशीद' तसंच ठेवून पुढे 'आम्ही सिनॅगॉगला मशीदच म्हणायचो'. हे वाक्य आजी तिथे म्हणत नाही. मी तिच्या तोंडी घातलं. चुकीचं आहे हे मला माहीत आहे. काकांनी परवानगी दिली आणि नातीनेही. पुढे सगळीकडे नुसतं मशीद.

दोन वाजून बावीस मिनिटांनी फाइल गेली. नातीचा एक संदेश आला, तो आवाजाचा होता. ती तीनदा म्हणत होती, म-शी-द, आणि विचारत होती की 'शी' लांब म्हणायचं ना. काकांनी माझ्या फोनवरून तिला उत्तर दिलं, मराठीतच, मोठ्याने, लोदपर्यंत नुसत्या आवाजाने पोचायचं असल्यासारखं.

चारला पाऊस थोडा कमी झाला. काका दारात चपला घालत होते.

"आणि ते बिरड्याचं काय केलंस?"

"बिरडंच ठेवलं. बीन्स काढले."

"सोलावं लागतं, ते घालायला जागा नाही ना?"

"नाही हो."

"मग राहू दे," म्हणाले, आणि छत्री झटकून जिना उतरले.