तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटची ओळ

"ते लोक खरंच पोटची पोरं जाळायचे का हो?"

लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, व्याख्यान संपल्यावर चहा घेताना, वर्षानुवर्षं हाच प्रश्न. मी जळालेल्या हाडांचा अभ्यास करते आणि उत्तर आफ्रिकेतलं प्राचीन कार्थेज शहर माझ्या जिव्हाळ्याचं आहे, एवढं कळलं की पुढे दुसरं काही विचारायचं कुणाला सुचत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी "ते लोक" म्हणजे कोण ते पाहू. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून निघून भूमध्य समुद्राकाठी वसाहती करणारे हे दर्यावर्दी व्यापारी; फिनिशियन हे त्यांना ग्रीकांनी दिलेलं नाव. ते स्वतःला टायरचे, सिदोनचे, कार्थेजचे म्हणायचे. ज्या जागेमुळे हा प्रश्न येतो ती ट्युनिसजवळ सालांबोत 1921 साली सापडली: जमिनीखाली मडकी, मडक्यांत तान्ह्या बाळांची आणि कोकरांची जळालेली हाडं, वर कोरीव दगड. तिला आपण तोफेत म्हणतो तेही जेरुसलेमजवळच्या दरीतल्या एका जागेचं, बायबलातलं नाव. अशा जागा कार्थेजला, सिसिलीजवळच्या मोत्या बेटावर, सार्डिनियातल्या थारोसला आणि सुल्किसला मिळाल्या. मूळ गावी, टायरला, अजून एकही नाही. स्पेनमधल्या काडिझलाही नाही. तेव्हा सगळ्या फिनिशियनांवर एकदम आरोप करू नका, एवढं तरी माझं ऐका.

हे मी तावातावाने सांगते खरी, पण यातच माझी अडचण आहे. 2025 मध्ये प्राचीन डीएनएचा मोठा अभ्यास आला. प्युनिक, म्हणजे कार्थेजच्या वळणाच्या पश्चिमेकडच्या फिनिशियन, गावांतल्या थडग्यांमधल्या माणसांत लेबनॉनकडचं रक्त फारच थोडं निघालं. बहुतेकांचे पूर्वज सिसिली, ग्रीस आणि उत्तर आफ्रिकेकडचे. मग ही माणसं एकमेकांना आपली का मानत होती? भाषेमुळे, देवांमुळे, विधींमुळे. म्हणजे जो विधी मला बाजूला ठेवायचा आहे, तोच कदाचित त्यांना बांधून ठेवत होता.

काही वर्षांपूर्वी मी हे इतकं मोकळेपणाने म्हटलं नसतं. एका तालुक्याच्या गावी वाचनालयात माझं व्याख्यान होतं. तेव्हा मी ठाम होते: ही बाळांची दफनभूमी आहे, बाकी शत्रूंनी केलेली बदनामी. डिओडोरस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की इ.स.पू. 310 मध्ये वेढा पडला तेव्हा कार्थेजवाल्यांनी दोनशे उच्चकुलीन मुलं बळी दिली. पण तो लिहितो अडीचशे वर्षांनंतर. 2010 साली 348 मडक्यांतल्या निदान 540 बाळांच्या हाडांचा अभ्यास छापून आला होता, तो मी पडद्यावर दाखवला. दुधाच्या दातावर जन्माच्या वेळी एक बारीक रेघ उमटते, पण ती दिसायला बाळ आठवडा-दोन आठवडे जगावं लागतं. इथल्या बऱ्याच दातांत ती दिसली नव्हती, म्हणजे ती बाळं जन्मतःच किंवा लगेच गेलेली. तांदळाच्या दाण्याएवढा, राखाडी पडलेला, अजून हिरडीतून वरही न आलेला दात मी पडद्यावर मोठा करून दाखवला. सभागृह गप्प झालं. मला वाटलं, जिंकले.

मग एका दगडाचा मजकूर दाखवला (यातला "बाल" म्हणजे बाळ नव्हे, देवाचं नाव): "बालचं मुख असलेल्या देवी तिनीतला आणि स्वामी बाल हम्मोनला, अमुकच्या मुलाने बोललेला नवस."

व्याख्यानानंतर एक वयस्कर बाई थांबल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "ताई, तो मजकूर अर्धाच वाटला. नवस बोललं की पुढे फेडलाही असेल ना? तिथे काय लिहिलंय?"

होतं पुढे लिहिलेलं. "कारण त्यांनी त्याची हाक ऐकली, त्याला आशीर्वाद दिला." ती ओळ मी काढून टाकली होती. पडद्यावर जागा नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. जागा होती.

मी ती ओळ त्यांना तोंडी सांगितली आणि घाईघाईने पुस्ती जोडली की हा ठरलेला साचा असतो, हजारो दगडांवर तोच मजकूर आहे. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं पहिलं बाळ अकराव्या दिवशी गेलं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. नदीकाठी पुरलं. त्या वेळी कुणी मला सांगितलं असतं की देवाने तुझी हाक ऐकली असं दगडावर लिही, तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं."

मला उत्तर देता आलं नाही. काहीतरी पुटपुटले. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दगडावर बाळाचं नाव असतं का?"

रात्री मुक्कामाच्या खोलीत मी माझ्याच टिपणांशी भांडत बसले. 2011 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच उत्खननातल्या हाडांवर उलटा निष्कर्ष काढला होता: हाडं आणि दात आगीत आकसतात, ते धरून हिशेब केला तर बहुतेक बाळं एक-दीड महिन्यांची ठरतात. आपोआप मेलेल्या बाळांत जन्मतःच गेलेली सर्वांत जास्त असायला हवीत. हे मला ठाऊक होतं. व्याख्यानात मी ते एका वाक्यात उडवून लावलं होतं.

आणि कोकरं? कित्येक मडक्यांत फक्त कोकराची हाडं आहेत. रोमन काळात, अल्जीरियातल्या न्गाऊसच्या दगडांवर लॅटिनमध्ये स्पष्ट लिहिलंय: जिवाला जीव, रक्ताला रक्त, त्याच्या बदली कोकरू. बदली म्हटलं की आधी कुणाची तरी पाळी असते. हा दाखला मी बचावासाठी वापरत आले, आणि तो दोन्हीकडे कापतो.

तरी मी पूर्ण पलटलेले नाही. कार्थेजच्या इतर स्मशानांत एवढी तान्ही बाळं फारशी सापडत नाहीत. मग घरोघरी दगावणारी बाळं गेली कुठे? कार्थेजवर एवढा राग असलेला रोमन इतिहासकार लिव्ही याबद्दल गप्प का? आणि हाक ऐकली म्हणजे बाळ गेल्यावर पुन्हा कूस उजवली, असाही अर्थ लागू शकतो. तो अर्थ मला हवासा वाटतो, म्हणूनच मी त्याच्याकडे जरा संशयाने बघते.

तेव्हा विचारलंत म्हणून: हो, काही बाळं, काही वेळा, दिली गेली असावीत असं आज मला वाटतं. किती, कुणाची, हे हाडं सांगत नाहीत. ती ओळ मी आता पडद्यावर पूर्ण ठेवते.

मी सालांबोला गेले तेव्हा त्या बाईंचा प्रश्न मनात घेऊन गेले. भोवती बंगले, झाडं, आणि एका रोमन कमानीखाली दाटीवाटीने उभे केलेले दगड. त्रिकोण, त्यावर आडवी रेघ, वर गोल: तिनीतची खूण. खाली नवस बोलणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं, कुठे आजाचं, पणजाचंही. वाकून, बोट फिरवत एकेक अक्षर लावत गेले. बाळाचं नाव कुठेच नव्हतं.