तुम्ही विचारलंत म्हणून: चिक्की, जर्मनचे पातेले आणि ऊर्जा

ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही आणि हातात धरता येत नाही. मग जुन्या वस्तूंपासून नव्या केल्याने ती वाचते हे तिसरीच्या मुलांना तुम्ही कसे पटवता, असे पालक मला वरचेवर विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी कचऱ्यापासून सुरुवातच करत नाही. ओल्या-सुक्याचे डबे मुलांना चोख पाठ असतात, पण त्यातून स्वच्छता तेवढी मनात ठसते.

पूर्वी मी वर्गात बेसनाचा लाडू मोडून पुन्हा वळून दाखवत असे, कारण दळण्या-भाजण्याचे कष्ट त्या चुऱ्यात आधीच जमा असतात. एका मुलीने मात्र हरकत घेतली की लाडू वळायला गॅस लागत नाही, पण भांडे वितळवायला लागेलच. तिचे म्हणणे बरोबर होते. तेव्हापासून मी तुटलेली चिक्की नेते: ती जोडायची तर गूळ पुन्हा तापवावा लागतो, पण ऊस गाळून गुऱ्हाळाच्या काहिलीत रस आटवत बसावे लागत नाही, आणि खरे जळण तिथेच लागलेले असते.

मग चेपलेले जर्मनचे पातेले टेबलावर येते. (ॲल्युमिनियमला आमच्या घरांत अजून जर्मनच म्हणतात.) ते बॉक्साइट नावाच्या, जांभ्यासारख्या तांबूस दगडातून येते, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी आणि शाहूवाडीकडे तो सापडतो. त्यात धातूला ऑक्सिजन घट्ट धरून बसलेला असतो. आधी दगडापासून ॲल्युमिना नावाची पांढरी पूड करावी लागते, ती सुमारे ९५० अंश सेल्सिअस तापलेल्या द्रवात विरघळवून त्यातून वीज सोडावी लागते, तेव्हा कुठे तो धातूला सोडतो. एक किलो धातूसाठी नुसत्या या शेवटच्या टप्प्यात १३ ते १५ युनिट वीज लागते. तेवढ्यात वर्गातला ७५ वॉटचा पंखा सात-आठ दिवस अहोरात्र फिरेल. पातेल्यातला धातू मात्र आधीच सुटलेला आहे. तो ६६० अंशांना वितळतो, आणि दगडापासून नवा धातू करायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या सुमारे ५ टक्क्यांत काम होते. तिसरीत टक्केवारी आलेली नसते, म्हणून मी फळ्यावर वीस पंखे काढते आणि त्यांतले एकोणीस पुसते.

काचेबाबत मी जपून बोलते. भट्टीत जाणाऱ्या मालात १० टक्के फुटकी काच मिसळली तर ऊर्जा जेमतेम अडीच-तीन टक्के वाचते, कारण वाळू असो वा काच, वितळवणे टळत नाही. वीस पंख्यांच्या चित्रानंतर मुलांना सगळ्याच वस्तूंकडून तेवढ्या बचतीची अपेक्षा असते, आणि ती तशीच राहू दिली तर मी त्यांना चुकीचे शिकवले असे होईल. लोणच्याच्या रिकाम्या बरणीचे काय करायचे, हे त्यामुळे वेगळे विचारावे लागते. वर्गातली बरणी आम्ही धुऊन घेतली आहे. सध्या तिच्यात खडू असतात.