परवाना संपला म्हणून अपीलही संपलं?

परवा एका शस्त्र परवान्याच्या अपिलाचा निकाल हातात आला आणि तेव्हापासून डोकं त्यातच अडकलंय. अशील आडत व्यापारी, .३२ बोअरचं रिव्हॉल्वर, भावकीच्या जमिनीवरून मारामारी आणि एफआयआर. हत्यार तेव्हा घरी कपाटात, एफआयआरमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही, तरी पोलीस अहवालात नेहमीचं छापील वाक्य, शांतता भंग होण्याची शक्यता, आणि तेवढ्यावर शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवाना रद्द. आम्ही कलम १८ खाली विभागीय आयुक्तांकडे अपिलात.

लोकांना वाटतं अपील टाकलं की खालचा आदेश थांबला. नाही थांबत, वेगळी स्थगिती मागावी लागते. आम्ही मागितली, तो अर्ज कधी पुकारलाच नाही. साहेब दौऱ्यावर, साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सवर, साहेब इलेक्शनच्या कामात. तोवर परवान्याची ५ वर्षं भरली (२०१९ च्या दुरुस्तीआधी ३ च असायची) आणि सरकारी बाजू म्हणाली, मुदतच संपली, अपील निष्फळ. झालं, दोन ओळींत निकाली. रद्द केलं ते चूक की बरोबर, यावर एक अक्षर नाही.

आता कधीकधी अपिलात खरंच काही उरत नाही, मान्य. आचारसंहितेत हत्यार जमा करायला लावलं, निवडणूक झाली, हत्यार परत मिळालं, मग भांडायचं कशाला? परवानाधारक वारला तरी तेच, वारसाला स्वतःचा अर्ज करावा लागतो. पण इथे? नव्या परवान्यासाठी अर्ज करायचा तर फॉर्मात विचारतात, आधी परवाना निलंबित किंवा रद्द झालाय का, तिथे 'होय' लिहायचं आणि ते वाचून फाइल तळाला जाणार. शिवाय रिव्हॉल्वर कलम २१ प्रमाणे डीलरकडे जमा, भाडं चालू, आणि ठरलेल्या मुदतीत परत घेतलं नाही किंवा विकलं नाही तर सरकारजमा होऊ शकतं. नुसतं निलंबन असतं तर त्या काळात सरकारजमा करता येत नाही, कायद्यातच लिहिलंय, पण रद्द झालं की ते संरक्षण गेलं. मग तो आदेश जिवंतच आहे की!

म्हणून हायकोर्टात रिट याचिका ड्राफ्ट करतेय. सीनियर म्हणतात नवा अर्ज टाक आणि मोकळी हो, त्यांना हायकोर्टाचा तसाही कंटाळा. अशील त्याहून वैतागलेले, "मॅडम, विकूनच टाकतो, डोक्याला ताप नको." म्हटलं काका, जरा दम धरा, तुम्ही ते विकलंत की हत्यारच नाही तर भांडता कशासाठी, हे सरकारी बाजूचं पुढचं म्हणणं तयारच असेल.