तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी अजून दारातच का?

नाशिकहून लंडनला स्वतःच्या गाडीने जायचं मी ठरवलं होतं, म्हणून इथे नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मला ‘लंडनकर’ म्हणतात. आधी कौतुकाने म्हणायचे. आता “काय लंडनकर, घोडं कुठे पेंड खातंय?” असं म्हणतात. लग्नात, मिसळीच्या टेबलावर, अंबडला माझ्याच वर्कशॉपमध्ये चलन घेऊन आलेला टेम्पोवालासुद्धा विचारतो. हल्ली नवीन जोड मिळालीय: “आता कुंभमेळ्यानंतरच का?”

उत्तरं माझ्याकडे तयार असतात. समोरच्याचा वकूब पाहून त्यातलं एक देतो. आज सगळी एकदम देतो, आणि मग जे कधीच दिलं नाही तेही.

सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे करोना. आम्ही निघणार होतो 2020 च्या गुढीपाडव्याला. म्हणजे 25 मार्चला. लॉकडाऊनचा पहिला दिवस. त्या दिवशी गुढी उभारली ती बाल्कनीत, आणि खाली रूफ रॅक लावलेली गाडी. तो फोटो पाहून लोक इतके हळहळले की पुढची दोन वर्षं मला काही बोलावंच लागलं नाही.

मग 1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. आमचा रस्ता मणिपूरच्या मोरेवरून म्यानमारमधल्या तामूला उतरणारा. मंडाले, म्यावाड्डी, थायलंड, लाओस, चीन, किरगिझस्तान, कझाकस्तान, रशिया, लाटव्हिया आणि पुढे. रस्त्याचं पहिलंच दार बंद. 24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं, म्हणजे शेवटचं दारही अवघड. मे 2023 मध्ये मणिपूर पेटलं. मग मी नेपाळ-तिबेटचा पर्याय काढला; नेपाळच्या सीमेवरच्या रसुवागढीहून तिबेटमधलं केरुंग, तिथून चीनमधलं काशगर. जुलै 2025 मध्ये भोटेकोशीला पूर आला आणि रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून गेला. पाकिस्तानकडे जाणारी अटारीची सीमा त्याआधीच, एप्रिलमध्ये बंद झाली होती. तसाही तो रस्ता माझ्या यादीत नव्हता.

यातलं काहीही खोटं नाही. पण प्रत्येक बातमी ऐकल्यावर मी आधी “अरेरे” म्हणालो की आधी “हुश्श”, हे मला कुणी विचारलं नाही.

दुसरं उत्तर कागदपत्रांचं. हे मी जरा जाणकार माणसाला देतो. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट. देशात शिरताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा, आणि बाहेरचा शिक्का राहिला तर तिथलं कस्टम म्हणणार की गाडी तुम्ही विकली, भरा ड्युटी. त्यासाठी आधीच बँक गॅरंटी द्यावी लागते. आम्हाला ते लागणार होतं परतीच्या इराणसाठी. तुर्कीतून इराण, बंदर अब्बासहून गाडी जहाजाने न्हावा शेवाला. चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनमध्ये माझ्या चार फेऱ्या झाल्या. गॅरंटीपायी एफडी अडकणार म्हटल्यावर सासरे पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. चीनमध्ये तर स्वतःची गाडी असली तरी एजन्सीमार्फत परवाना, तात्पुरती नंबरप्लेट, तात्पुरतं लायसन्स आणि गाडीत त्यांचा गाइड. त्याचं जेवणखाण-मुक्काम आपल्या खर्चाने. आणि ज्या गावात, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, अख्ख्या देशाचे पासपोर्ट छापले जातात, त्या गावात माझा पासपोर्ट कोराच्या कोरा संपला. नवा काढला. तोही कोरा आहे.

तिसरं उत्तर गाडीचं, आणि ते माझ्या आवडीचं. स्कॉर्पिओ, फोर बाय फोर, 2012 ची, नाशिकच्याच कारखान्यात बनलेली. लोक म्हणतात नवी घ्या. अहो, नवी बीएस-6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतली गाडी घेऊन मध्य आशियात जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिला अगदी कमी गंधकाचं डिझेल लागतं; गावठी डिझेल पाजलं तर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो आणि गाडी मुसमुसत उभी राहते. माझी जुन्या नियमांतली बीएस-3 काहीही पचवते. फक्त ज्या लंडनसाठी हा खटाटोप, तिथे असल्या जुन्या डिझेल गाडीला रोजचे साडेबारा पौंड दंडवजा शुल्क आहे. हा विनोद मी पुष्कळदा सांगितलाय.

आता खरं उत्तर.

सप्टेंबर 2019. निघायच्या सहा महिने आधी रंगीत तालीम म्हणून आम्ही दोघं, मी आणि बायको, हिमाचलातल्या स्पितीला निघालो. गाडीत माझ्या वर्कशॉपमध्ये बनवलेले अॅल्युमिनियमचे ड्रॉवर, साठ लिटरची पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी, आणि लॅपटॉपवर माझी एक्सेल शीट. त्या शीटबद्दल मला फार अभिमान होता. कुठल्या दिवशी किती किलोमीटर, कुठे डिझेल, कुठला स्पेअर कुठल्या ड्रॉवरमध्ये. त्यात एक ओळ होती: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. ती मीच टाइप केली होती.

अंबाल्याला अल्टरनेटर गेला. एक दिवस तिथे गेला. तो भरून काढायचा म्हणून मनालीतला जादाचा मुक्काम मी रद्द केला. मनाली दोन हजार मीटरवर, आमचा मुक्काम असलेला चंद्रताल तलाव सव्वाचार हजारांवर. एका दिवसात. रोहतांगला हिचं डोकं दुखायला लागलं. बातलला म्हणाली, मळमळतंय. मी म्हणालो, रस्त्याने होतंय, हा रस्ताच तसा आहे. रस्ता तसाच आहे, हेही खरं.

कॅम्पवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. ही जेवली नाही. नऊच्या सुमारास उलटी झाली. मी क्रोसिन दिली आणि म्हणालो, सकाळपर्यंत बरं वाटेल. ऑक्सिमीटर होता माझ्याकडे. यादीत होता म्हणून आणलेला. तेव्हा तो घरोघरी नव्हता. पण तो तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, तंबूच्या पिशवीमागे. तो काढायचा म्हणजे अर्धी गाडी रिकामी करायची, बाहेर वारा. मी काढला नाही. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

रात्री एकच्या पुढे तिला खोकला सुरू झाला. पडून राहिलं की दम लागायचा, म्हणून बसून होती. कॅम्पवर काम करणारा एक पोरगा, असेल वीस-बावीसचा, तंबूच्या बाहेरून म्हणाला, “साहब, मॅडम को नीचे ले जाओ. अभी.” आणि मी, नाशिकचा चोपन्न वर्षांचा कारखानदार, त्या पोराशी वाद घालत बसलो. रात्रीचं नाल्यांतून गाडी कशी घालायची, सकाळी बघू. तो म्हणाला, रात्री बर्फ वितळत नाही, पाणी कमी असतं, रात्रीच जा. बरोबर होतं त्याचं. नाल्यांचा हा नियमही माझ्या शीटमध्ये होता. मग मी सामान उपसलं, ऑक्सिमीटर लावला. 61.

तो पोरगा न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसला. बातलपर्यंत अरुंद रस्ता, एका बाजूला काहीच नाही. फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा हळू गिअर टाकून उतरलो. मागे ही दोन उशांना टेकून बसलेली, आणि आरशात मला फक्त तिची शाल दिसत होती. बातलला तो उतरला. पैसे घेतले नाहीत, परत कसा गेला माहीत नाही, नाव मी विचारलं नाही. छत्रूला उजाडलं तेव्हा ही पहिल्यांदा नीट बोलली: “पाणी आहे का?” साठ लिटर होतं.

मनालीला परतायचं तर रोहतांग पुन्हा चढावा लागणार. रोहतांगखालचा बोगदा तेव्हा खुला झाला नव्हता. म्हणून उलट केलाँगला गेलो, तेवढाच खाली. सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुफ्फुसात पाणी व्हायला लागलं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “किसने तय किया था रुकना?” मी शीटकडे बोट दाखवणार होतो.

नाशिकला आल्यावर कुणाला काही सांगितलं नाही. तालीम छान झाली म्हणालो. हिनेही तेच सांगितलं. पाडव्याची तयारी चालू ठेवली आम्ही, हे तुम्हाला विचित्र वाटेल, मलाही वाटतं. फेब्रुवारीपर्यंत मी रोज ठरवत होतो की आज सांगू, नको जाऊया. मग करोना आला.

तुम्ही म्हणाल, एका रात्रीने एवढं काय घाबरायचं? मी घाबरलो नाही. उद्या मला एकट्याला सोडा, पामीरपर्यंत जाऊन दाखवतो. भीती उंचीची नाही की सीमेची नाही. माझ्याच गाडीत माझ्याच शेजारी बसलेल्या माणसाचं ऐकायला माझ्या प्लॅनमध्ये जागा नव्हती, आणि अशी जागा कुठल्या ड्रॉवरमध्ये बनवतात ते मला अजून कळलेलं नाही.

2016 चा, या प्रवासाची स्वप्नं बघणारा मी मात्र हे मान्य करणार नाही. तो सांगेल, 1957 मध्ये लंडनहून कलकत्त्याला बस आली होती, इराण-पाकिस्तानातून, साध्या तिकिटावर. त्यांच्याकडे काय ऑक्सिमीटर होता? तो म्हणेल, वाट नाही हे खोटं, गाडी दुबईला जहाजाने पाठव आणि तिथून नीघ. आपली माणसं जातात, तूही जा. त्याचं चुकत नाही. वाट आहेच. त्याला फक्त एवढंच विचारावंसं वाटतं की त्या बसमध्ये कुणाला दम लागला असता तर ड्रायव्हरने काय केलं असतं. तो हसेल. फार आत्मविश्वास होता त्याला. कधीकधी मला त्याची आठवण येते.

पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतील. पेठ रोडला आरटीओत पुनर्नोंदणी, ग्रीन टॅक्स. भंगारवाला दोनदा विचारून गेला. गेल्या महिन्यात मी तिला नवी बॅटरी टाकली आणि तिसरा ड्रॉवर रिकामा केला. का केलं, ते ट्रॅकवर विचारलंत तर काहीतरी सांगेन.

हे सगळं लिहून झाल्यावर हिला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, “अहो, नऊ वाजता तुम्ही विचारलं होतंत, खाली जाऊया का म्हणून. मीच नको म्हणाले होते. ते लिहिलं नाहीत.”

मला असं काही विचारल्याचं आठवत नाही. ती म्हणते, विचारलं होतंत.