पाती, पाऊस आणि म्हैसाळचं पाणी

सर्वेक्षणात उत्तर मिळत नाही असं सहसा होत नाही. मिळालेलं उत्तर रकान्यात बसत नाही, हा खरा ताप.

सांगली जिल्ह्यातल्या ढालगाव भागातल्या एका वाडीवर मी हवामान बदल आणि स्वच्छ ऊर्जेची प्रश्नावली घेऊन बसले होते. समोर सत्तरीतले तात्या, पलीकडे माळावर पवनचक्क्या. प्रश्न होता : पवनऊर्जा वाढावी का? 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत', पाच पर्याय.

"पाती फिराय लागली की ढग पळत्यात," तात्या म्हणाले. "असहमत लिव."

सांगली-साताऱ्याच्या माळांवर ही समजूत जुनी आहे. आमच्यातले शहरी सहकारी हसतात. मला हसू येत नाही. सह्याद्री पाऊस अडवतो; महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि जत-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. वारा तेवढा डोंगर ओलांडून येतो, म्हणून पवनचक्क्या इथल्या माळांवर. घसाऱ्याच्या, म्हणजे यंत्राची किंमत खर्च म्हणून दाखवून मिळणाऱ्या, करसवलतीमुळे २००० च्या आगेमागे त्यांचं पेवच फुटलं आणि पाठोपाठ २००२-०३ चा दुष्काळ आला. नवी पाती आणि चारा छावण्या लोकांनी एकदमच पाहिल्या. ढग पात्यांच्या कितीतरी वर असतात हे मला ठाऊक होतं, पण उत्तर देणाऱ्याला शिकवायचं नाही हा आमचा नियम. (कधी कधी जीभ फार चावावी लागते.)

मग सौर पंपाचा प्रश्न आला. आतून सूनबाईच बोलल्या, "दिवसा पाणी धरता येत असंल तर पाहिजेच. हे रात्रीच्या लाईटीला दारं धराय जात्यात, घरात झोप लागत न्हाई मला." इथे पर्याय वाचायची गरजच पडली नाही.

त्यावरून तात्या पुन्हा पहिल्या प्रश्नावर आले. "ती वीज कुठं जाती? मालक कोण, आमाला म्हाईत न्हाई. म्हैसाळचं पाणी उपसाय वापरली तर आणखी शंभर उभी करा!"

"मग सहमत लिहू?"

"आनि पाऊस?"

म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलते, सगळं विजेच्या जोरावर. बिल थकलं की पंप बंद, हा अनुभव या तालुक्यांनी घेतलाय. पुढे ८१ टक्के बिल सरकारचं, १९ टक्के शेतकऱ्याचं असं ठरलं. आता याच पंपांसाठी जर्मन बँकेच्या कर्जातून सौर प्रकल्प ठरलाय, हे तात्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"ते झालं की आमची पाणीपट्टी कमी हुईल का? ह्यो प्रश्न हाय का तुझ्या कागदात?"

नव्हता. शेऱ्यात लिहून घेते म्हटलं. तात्यांनी चष्मा लावला.

"वाचून दाखव, काय लिवलंस ते."