हरळीचे लाड

सोलापूरकडच्या काळ्या रानात कुंदा आणि हरळी या दोन तणांची नावं शिवी दिल्यासारखी घेतली जातात. कुंदा खणून काढायचा. हरळी उन्हाळी नांगरटीत उलथायची, तिच्या काश्या, म्हणजे जमिनीखालची खोडं, उन्हात तापू द्यायच्या, वेचून बांधावर फेकायच्या. पाऊस पडला की ती बांधावरून पुन्हा रानात उतरते.

पुण्यातल्या आमच्या घरापुढे थोडं अंगण आहे. तिथे हीच हरळी मी पैसे मोजून लॉन म्हणून लावून घेतली. नर्सरीवाल्याने ‘बर्म्युडा’ म्हणून विकली. पात जरा बारीक, वाण संकरित, पण खानदान हरळीचंच. मामा गावाहून आला, चप्पल काढून दोन पावलं तिच्यावर चालला आणि म्हणाला, “आमची हयात ही काढण्यात गेली, अन् तू हिला खत घालतोस? आधी बोलला असतास तर पोतंभर फुकट आणली असती.”

मामाचं खरं आहे. हरळीला जगवावं लागत नाही, ती आपली आपण जगते. आपण सांभाळतो ती तिची उंची आणि तिची हद्द.

लॉनचं वर्ष माझ्या लेखी मृगाला सुरू होतं. वळवाच्या सरी पडून गेल्या की संध्याकाळी कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे घोंघावू लागतात. हे हुमणीचे. ते रात्रभर पाला खातात, पहाटे पुन्हा मातीत शिरतात आणि तिथेच अंडी घालतात. पुढे त्यातून निघालेल्या पांढऱ्या अळ्या गवताची मुळं कुरतडतात. सप्टेंबरात लॉनवर पिवळा डाग दिसला आणि मूठभर गवत ओढल्यावर ते मुळांशिवाय हातात आलं, तर खाली हुमणी आहे असं समजावं. तेव्हा औषधं शोधण्यापेक्षा जूनमध्ये रात्री फांद्या हलवून भुंगेरे पाडावेत आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. ऊसवाले हेच करतात. बंगल्यांच्या कॉलनीत रात्री झाड हलवणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयाने बघतात, एवढंच.

आषाढ-श्रावणात कापणी. पात एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा जगभरचा नियम. इथे पंधरा दिवस झड लागते, गवत घोट्याच्या वर जातं, ओल्यावर यंत्र चालवलं तर लगदा होऊन पातं अडकतं, आणि विजेचं यंत्र ओल्यात चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. मग उघडीप मिळाली की विळा घेऊन बसायचं. हे कापायचं यंत्र निघालं इंग्लंडमध्ये. 1830 साली एडविन बडिंग नावाच्या माणसाने लोकरी कापडावरची लव छाटणारं यंत्र पाहून ते बनवलं. त्याआधी तिकडेही विळे होते आणि मेंढ्या होत्या. मेंढ्यांची कल्पना मला अजून आवडते.

पावसाळ्यात पाहुणेही फार. गोगलगाई येतात, हात लावला की गुंडाळी करणारे पैसा किडे येतात, आणि लव्हाळा येतो. लव्हाळा वरून उपटण्यात अर्थ नाही. खाली काळ्या गाठी असतात, त्या खुरप्याने खणूनच काढाव्या लागतात. एक राहिली तरी पुरे.

भाद्रपदाच्या तोंडावर मात्र मी यंत्राला हात लावत नाही. घरोघरी गणपती, आणि आमच्या अंगणात दुर्वा. माझी ‘बर्म्युडा’ बाप्पाच्या डोक्यावर शोभायला फारच रोडकी, पण कंपाउंडच्या कडेला न लावता उगवलेली देशी हरळी आहे, तिला चांगले लुसलुशीत कोंब येतात. सकाळी पाचपासून फाटकाची कडी वाजते. पुढच्या गल्लीतल्या काकू तीन पानांची, पाच पानांची कोवळी दुर्वा निवडून एकवीसची जुडी बांधतात आणि जाताना मला ऐकवतात, “यंदा तुमच्याकडे तुरे फार लवकर आले हो.” तुरा आलेली दुर्वा चालत नाही. वर्षभर ज्या गवताला मी कडेबाहेर आलं म्हणून ओरबाडतो, त्याच्या जून होण्याबद्दल मला बोलणी खावी लागतात.

दिवाळीत किल्ले. मुलांना डोंगरावर हिरवळ हवी असते, त्यासाठी मोहरी किंवा अळीव पेरायचा असतो. पण किल्ला सुरू होतो वसुबारसेच्या आदल्या दिवशी आणि मोहरी एका रात्रीत उगवत नाही. मग शिष्टमंडळ येतं: “काका, कोपऱ्यातला थोडा लॉन देता का, मातीसकट?” मी देतो. कोपरा नाताळपर्यंत बोडका राहतो, कारण थंडी पडली की हरळीची वाढ मंदावते.

थंडीत फार काही करायचं नसतं. पुण्याचा पारा रात्री दहा-बाराला उतरला की लॉन निस्तेज होतं. लोक घाबरून युरिया टाकतात. टाकू नये. इंग्लंडचं गवत गारव्यात रमणारं, विम्बल्डनला राय गवत आठ मिलिमीटरवर कापून ठेवतात. आपलं गवत उन्हाचं, ते जानेवारीत आराम करतं. फेब्रुवारीअखेर ऊन तापू लागलं की चाळलेलं शेणखत आणि माती पसरावी. वास आठवडाभर राहतो, घरातले आठवडाभर बोलतात.

राहिला उन्हाळा. एप्रिलमध्ये पाणीकपातीची बातमी येते आणि घरात क्रम ठरतो: आधी तुळस, मग कढीपत्ता, मग मोगरा, उरलं तर लॉन. उरत नाही. मे महिन्यात आमचं अंगण तपकिरी असतं, शेजारी बोअरच्या पाण्यावर हिरवंगार. येणारे-जाणारे हळहळतात. मी हळहळत नाही, कारण काश्या खाली शाबूत असतात, दोन पाऊस झाले की वर येतात. खरी काळजी पलीकडची आहे. गुलाबाच्या वाफ्यात हीच हरळी ठिबकच्या पाण्यावर भर मेमध्ये माजलेली असते, आणि ती उपटण्यात माझा रविवार जातो.